मुंबईचं घर, कोकणातलं घर : निवृत्तीनंतरची ये-जा कशी लावावी

निवृत्ती होते, हातात थोडी रक्कम येते, कोकणातलं वडिलार्जित घर दुरुस्त होतं आणि मग प्रश्न सुरू होतात. वाचकांची पत्रं बहुधा याच टप्प्यावर येतात. 'हयातीचा दाखला द्यायला मुंबईला यावंच लागेल का?' 'घर चार महिने बंद होतं, तरी वीजबिल एवढं कसं?' 'कलमं कोणाला द्यावीत?' 'मतदानाचं नाव गावाला नेलं तर काही बिघडेल का?' प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मूळ एकच आहे. दोन ठिकाणी राहायचं ठरलेलं असतं, दोन घरं चालवायची कशी हे ठरलेलं नसतं.

मुंबई, ठाणे, पुणे इथे घर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाव, अशा वाचकांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. गाव देशावर असेल तर पावसाचा भाग सोडून द्या. कागदपत्रं, आरोग्य आणि माणसं यांबद्दल जे सांगितलं आहे ते तुम्हालाही तसंच लागू पडेल.

आधी एक वर्ष राहा, मग खर्च करा

निवृत्तीनंतर सगळ्यांत मोठी घाई घराच्या दुरुस्तीची होते. गावचं घर आपल्याला मे महिन्यातलं आणि गणपतीतलं माहीत असतं. आषाढात घराची कुठली भिंत ओल धरते, विहिरीला एप्रिलअखेर किती पाणी राहतं, रात्री वीज गेली तर ती किती तासांनी येते, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी घर राहण्यापुरतं नीट करा, निदान काही दिवस तरी प्रत्येक ऋतूत तिथे काढा आणि मग मोठ्या कामाला हात घाला.

अपवाद फक्त न्हाणीघर आणि संडासाचा. कमोड, भिंतीला पकडायचे दांडे, खरखरीत फरशी आणि बिछान्यापासून तिथपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, एवढं पहिल्या मुक्कामाआधी करून घ्या. पावसात खळ्यावर आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून ते खराट्याने घासून काढायला हवं, आणि हे काम सत्तरीच्या माणसाने स्वतः करू नये.

कुठला महिना कुठे?

सोयीचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं असेल. तरी माझं मत स्पष्ट आहे : दर पंधरा दिवसांनी फेऱ्या मारण्यापेक्षा वर्षातून दोन-तीन लांब मुक्काम करा. फेऱ्यांनी शरीर थकतं, औषधांच्या वेळा मोडतात आणि दोन्ही घरं अर्धवट राहतात.

- ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा गावात राहायला सर्वांत चांगला काळ. भाताची कापणी आटोपत आलेली असते, पाणी मुबलक असतं, हवा कोरडी होत जाते. आंब्याचा मोहोरही याच काळात येतो, त्यामुळे झाडांवर नजर राहते.
- मार्च ते मे हे शाकारणीचे आणि आगोटीच्या खरेदीचे दिवस, आणि पाहुण्यांचेही. विहिरीचं पाणी उतरत असताना घरात पंधरा माणसं येणार असतील तर कोण केव्हा येणार ते आधी लिहून घ्या. आमंत्रण सर्वांना देता येतं, पण सर्वांना एकाच आठवड्यात नको.
- जून ते ऑगस्ट हे महिने हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी शहरात काढावेत. दरडी कोसळून घाटरस्ते बंद होतात, वरंध घाट तर पावसात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवला जातो. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते.
- भाद्रपद गावातच. घर चार-पाच दिवस आधी उघडा. झाडलोट करताना येणारी बुरशीची धूळ आणि गणपतीची दगदग एकाच दिवशी अंगावर घेऊ नका.

एक गोष्ट अनेक घरांत बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो. दोन घरं म्हणजे दोन स्वयंपाकघरं. नोकरीतून निवृत्त झालेला नवरा गावी जाऊन मोकळा होतो आणि बायकोला मात्र दुसरी चूल मिळते, वर मे महिन्यातली पंगत. वेळापत्रक तिच्याशी बोलून ठरवा. गावात पोळी-भाकरीला, भांड्यांना बाई मिळते का ते बघा. पैसे वाचवायचे असतील तर ते रंगकामात वाचवा, या मदतीत वाचवू नका. तिला शहरात राहायचं असेल आणि तुम्हाला गावात, तर काही आठवडे वेगवेगळं राहण्यातही गैर काही नाही.

मागे घर उघडणारं माणूस

बंद घर कोकणात फार लवकर खचतं. वाळवी वाशांना लागते, एक कौल सरकलं की त्या जागी आढ्यापर्यंत ओल जाते, उंदीर वायरी कुरतडतात. पैसा असला म्हणून हे थांबत नाही. घर रोज उघडणारं कोणी असेल तर थांबतं. दोन घरांची सगळी व्यवस्था या एका माणसावर उभी असते, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

बहुतेक घरांत देवघर असतं आणि तुमच्या मागे दिवा कोण लावणार हा प्रश्न येतोच. तीच व्यवस्था वाढवा. शेजारचं एखादं माणूस रोज दिवाबत्तीला आलं की दार उघडतं, वारा फिरतो, गळती त्याच दिवशी दिसते. या कामाचे दरमहा पैसे द्या. भाऊबंदांपैकी कोणी करत असेल तरीही द्या, आणि मुंबईहून आणलेल्या मिठाईच्या पुड्याला मोबदला समजू नका. बिनपैशाच्या उपकारातून वर्षभराने जो कडवटपणा येतो, त्याने कितीतरी घरांची बोलचाल बंद झाली आहे. गावात राहणाऱ्याने वर्षानुवर्षं सण केले, घरपट्टी भरली, वाट राखली. चाकरमान्याने निवृत्त होऊन आल्या दिवसापासून हुकूम सोडू नयेत.

कामं कागदावर लिहून द्या :

- रोज दिवाबत्ती, आठवड्यातून एकदा सगळ्या खिडक्या उघडणं.
- जोराचा वारा-पाऊस झाला की त्याच दिवशी छत, पडवी आणि गडग्याचे फोटो पाठवणं.
- मोटर दर आठवड्याला थोडा वेळ चालवणं, नाहीतर ती जाम होते.
- पन्हळ आणि गटार पावसाआधी आणि पावसात साफ ठेवणं.
- घरात कोणी अनोळखी आलं, कोणी मोजणीला उभं राहिलं, कसली नोटीस आली तर लगेच कळवणं.

राखणीला ठेवलेलं माणूस घराच्या आवारातच राहणार असेल तर नोकरीचा करार लेखी करा. जागा राखणीच्या कामासाठी, काम असेपर्यंतच दिली आहे, हे वाक्य त्यात असावं. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलं की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी केवळ त्यामुळे त्याला मालकीहक्क मिळत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. कागद नसेल तर मात्र हेच सिद्ध करण्यात वर्षं जातात.

कामं सोपी व्हावीत म्हणून कोणाला सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र देऊ नका. मोजणीला हजर राहणं, वीजजोडणीचा अर्ज, अशी कामं मोजून नमूद केलेलं मुखत्यारपत्र पुरतं. विक्री, गहाण, बक्षीस यांचे अधिकार त्यात नकोत.

कुलूप लावण्याआधी

ही यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

- डाळ-तांदूळ, पीठ, साखर काहीही मागे ठेवू नका, शेजारी देऊन टाका.
- फ्रीज रिकामा करून, पुसून, दार किलकिलं ठेवून बंद करा.
- गाद्या भिंतीपासून दूर, बाजेवर किंवा दोरीवर टाका.
- गॅसचा रेग्युलेटर काढा. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीतलं पाणी बघा.
- मेन स्विच बंद करा. दिवाबत्तीच्या खोलीची वायर वेगळी काढून घेतली असेल तर फार सोय होते.
- पाण्याची टाकी रिकामी करा, संडास-मोरीची तोंडं झाका.
- मूळ कागदपत्रं आणि दागिने गावच्या घरात ठेवू नका. दमट हवा आणि वाळवी कागदाला सोडत नाहीत.

गावात गॅस कशावर, हाही नेहमीचा प्रश्न. एका कुटुंबाला घरगुती गॅसची दुसरी जोडणी घेता येत नाही. मुक्कामापुरता पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोन माणसांना तो पुरतो.

वीजबिल

घर बंद असलं तरी स्थिर आकार लागतोच. बिल फुगतं ते बहुधा मीटर आत असल्यामुळे. रीडिंग मिळत नाही आणि सरासरीवर बिल येतं. मीटर पडवीत, कुलपाच्या बाहेर घ्या. राखणदाराकडून मीटरचा फोटो मागवून महावितरणच्या अ‍ॅपवर रीडिंग स्वतः नोंदवता येतं. बिलाला शहरातला मोबाइल नंबर जोडा आणि बँकेतून आपोआप भरलं जाईल असं करा. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणं वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार बंधनकारक आहे. नोटीस बंद घराच्या दारात पडून राहते, म्हणून मोबाइल नंबर महत्त्वाचा.

एक पत्ता ठरवा

दोन्हीकडे थोडं थोडं, असं कागदपत्रांत चालत नाही. माझा सल्ला असा : पेन्शनचं खातं, आधार, आयकर, आरोग्यविमा हे सगळं एका पत्त्यावर ठेवा. वर्षातले जास्त महिने जिथे राहता आणि ज्या शहरात मोठं रुग्णालय जवळ आहे, तो पत्ता घ्या. गावाला पोस्टात किंवा जिल्हा बँकेत एक छोटं खातं स्थानिक खर्चासाठी पुरतं.

मतदान. एकाच माणसाचं नाव दोन मतदारयाद्यांत असणं बेकायदा आहे. गावचा आग्रह म्हणून तिथे नाव घालायचं असेल तर स्थलांतरासाठीचा नमुना ८ भरा, म्हणजे जुनं नाव निघतं. नमुना ६ नव्या मतदारांसाठी आहे. तो भरून खोटं निवेदन दिलं तर शिक्षेची तरतूद आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे 'फक्त पंचायतीपुरतं' नाव असं काही नसतं.

हयातीचा दाखला. यासाठी प्रवास करू नका. २०१४ पासून जीवन प्रमाणची डिजिटल सोय आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. पेन्शनचा आदेश क्रमांक, आधार आणि बँक खात्याचा क्रमांक हाताशी ठेवा. मोबाइल जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात हे काम करून देतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांनी दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनधारकांनी तो वर्षात केव्हाही दिला तरी पुढचे बारा महिने चालतो. दाखला स्वीकारल्याचा संदेश आला का, एवढं मात्र नक्की बघा.

सोसायटी. शहरातलं घर बंद ठेवलं म्हणून सोसायटीला बिनभोगवटा शुल्क लावता येत नाही. ते फ्लॅट भाड्याने दिला तरच लागतं आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २००१ पासून ही मर्यादा आहे. फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायलाच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची असते.

आयकर. स्वतःच्या वापराची दोन घरं असली तरी दोन्हींचं वार्षिक मूल्य शून्य धरलं जातं. बंद घरावर काल्पनिक भाड्याचा कर भरण्याची गरज नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर गेलं तर बाकी उत्पन्नाचा दर ठरवताना धरलं जातं. आंब्याच्या पैशाची पावती म्हणून जपून ठेवा.

जमिनीचे कागद

कोकणात घरं पुष्कळदा गावठाणात नसतात, स्वतःच्या आगरात किंवा वाडीत विखुरलेली असतात. त्यामुळे घराची घरपट्टी तुमच्या नावावर, पण खालची जमीन आजोबांच्या नावावर, हा प्रकार फार आढळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नाही. खालच्या जमिनीचा सात-बारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत, 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचा. डिजिटल सहीचा उतारा संगणकावर मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो.

वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करा. वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावं असं जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४९ सांगतं. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, पण पिढी उलटली की वारसांची संख्या वाढते, एक सही परदेशात आणि दुसरी रुसलेली अशी स्थिती येते. बहिणींची नावं गाळू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि वडील २००५ आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निःसंदिग्ध केलं. बहिणीचा हक्क आधी मान्य करा. नंतर तिने स्वखुशीने हक्कसोड केलीच तर ती नोंदणीकृत असू द्या.

पत्नीचं नाव सात-बाऱ्यावर घालायचं असेल तर जमीन तुमच्या एकट्याच्या नावावर असताना लक्ष्मी मुक्ती योजनेखाली अर्ज करता येतो. शेतकरी संघटनेच्या मोहिमेनंतर १९९२ साली ही सोय झाली. ती अजून फार थोडे लोक वापरतात. तुमच्या मागे तिला त्या घरात राहायचं असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

गडगा कोसळला किंवा शेजाऱ्याने आत सरकवला असं वाटलं, तर भांडणाआधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. तोंडी पंचांनी दाखवलेली खूण पुढच्या पिढीला उपयोगी पडत नाही.

पिकाची नोंद आता तलाठ्याने करायची वाट बघू नका. २०२१ पासून ई-पीक पाहणीत ती खातेदाराने मोबाइलवरून, शेतात उभं राहून करायची आहे. त्या दिवसांत तुम्ही शहरात असाल तर राखणदाराला ती शिकवा. नोंद नसेल तर वादळाच्या भरपाईच्या वेळी झाडं असूनही कागदावर नसतात.

कलमं आणि भातशेती

स्वतः फवारणी, राखण, काढणी झेपत नसेल तर कलमं कराराने देणं हा चांगला मार्ग आहे. दोन गोष्टी सांभाळा. करार हंगामातल्या फळांचा करा, जमिनीचा नको. झाडावरची फळं कायद्याने जंगम मालमत्ता मानली जातात, त्यामुळे जमिनीचा ताबा तुमच्याकडेच राहतो. दुसरी गोष्ट पॅक्लोब्युट्राझॉलची, ज्याला गावात कल्टार म्हणतात. मोहोर लवकर आणि भरपूर यावा म्हणून ते मुळाशी घालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची त्याबद्दल झाडाच्या विस्तारानुसार मात्रेची शिफारस आहे. एका वर्षाचा करार केलेल्या माणसाला झाडाच्या पुढच्या वीस वर्षांची फिकीर असेलच असं नाही. म्हणून घालायचं की नाही, किती आणि खतं कोणी द्यायची, हे करारात लिहा. शक्यतो तीन वर्षांचा करार करा, पैसे हप्त्याने घ्या.

भाताचे मळे दुसऱ्याला दिले तर कूळ लागेल, या भीतीने पुष्कळ जण जमीन पडीक ठेवतात. कूळकायद्यात मजुरी देऊन, स्वतःच्या किंवा कुटुंबीयाच्या देखरेखीखाली केलेली शेती ही तुमची स्वतःची कसणूक मानली जाते. ती मजुरी रोख असो वा धान्यात, ठरावीक असली पाहिजे. पिकात वाटा ठरवला की प्रश्न निर्माण होतो. अर्धेलीने देण्याआधी तालुक्याच्या वकिलाला विचारा.

आजारपणाची तयारी गावात

दोन्हीकडे एकेक डॉक्टर ठरवा आणि दोघांकडे तुमची एकच फाइल असू द्या. औषधं दोन महिन्यांची न्या, गावच्या औषध दुकानात तीच कंपनी, तीच मात्रा मिळेल असं धरू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेल्यावर ते कुठे ठेवायचं हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

घरातून सर्वांत जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यानंतर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि मग मोठं रुग्णालय, ही उतरंड लिहून ठेवा. सिंधुदुर्गात ओरोसला, रत्नागिरीत जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. चिपळूण परिसरात डेरवणचं रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. पण वाडीपर्यंत ती येते का, की रस्त्यापर्यंत माणसाला न्यावं लागेल, ते आधी बघा. रात्री गाडी काढू शकेल अशा दोन शेजाऱ्यांचे नंबर भिंतीवर लिहा.

साप. फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही कोकणात आहेत, आणि सरकारी रुग्णालयात मिळणारं प्रतिविष या चौघांवर चालतं. दंश झाला तर अंगठी-बांगडी काढा, तो अवयव हलू देऊ नका, करकचून बांधू नका, कापू नका, आणि थेट रुग्णालय गाठा. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास पुढे भरून निघत नाही. फुरसं लहान असतं आणि दगडांत, पालापाचोळ्यात बसतं, म्हणून गडग्याच्या फटीत हात घालू नका, लाकडं उचलताना आधी काठीने हलवा. रात्री टॉर्च आणि पायात बूट हवेतच.

विंचू. लाल विंचवाचा दंश हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू फार कमी झाले. उपचार आहे, मात्र तो वेळेत मिळायला हवा. घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की घरी थांबू नका.

पावसातला ताप. चिखलात, भातात उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर लेप्टोची शंका घ्या. नुसत्या तापाच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यात जाऊच नका.

सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्ड काढता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरात ही योजना सुरू झाली. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. कार्ड फक्त आधारवर निघतं. दोन्ही घरांजवळची कोणती रुग्णालयं योजनेत आहेत याची यादी करा. खासगी विमा असेल तर एक कलम जरूर वाचा. लहान गावाचा पत्ता देऊन हप्ता कमी बसवला असेल तर मुंबईत उपचार घेताना बिलाचा काही भाग तुमच्यावर येऊ शकतो.

प्रवास

पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट, आणि महिलांना २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट. वयाचा पुरावा मूळ प्रतीत जवळ ठेवा.

रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुषांना साठीनंतर आणि महिलांना पंचेचाळिशीनंतर तो मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. नातवंडांसह पाच जणांचं तिकीट एकत्र काढलं की कोटा लागत नाही आणि वरचा बर्थ नशिबी येतो. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्यांसाठी ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहाटे तीन-चारला उतरवणारी गाडी टाळा. स्टेशनापासून वाडीपर्यंतचे शेवटचे वीस किलोमीटर या वयात सगळ्यांत त्रासाचे असतात.

वादळ आणि विमा

२०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते आणि त्याच वर्षीचा चिपळूणचा महापूर, यांनंतर तरी घराचा विमा ऐच्छिक मानू नका. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी वादळ, पूर, दरड यांना संरक्षण देते. साध्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी लागते. घर सलग किती दिवस बंद राहिलं तर संरक्षणावर परिणाम होतो, हे विमा घेतानाच लेखी विचारा, कारण तुमचं घर बंद राहणारच आहे. नुकसान झालं तर सरकारी पंचनाम्याला तुमच्या वतीने कोण उभं राहणार तेही ठरवून ठेवा.

मुलांच्या नावावर करण्याआधी

'आता सगळं मुलाच्या नावावर करून मोकळे होतो,' असं लिहिणारे वाचक बरेच आहेत. घाई करू नका. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. त्याला मुद्रांक शुल्क नाही आणि ते केव्हाही बदलता येतं. साक्षीदार त्यात वाटेकरी नसावा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत, हे वाक्य त्यात स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की अशी अट असताना सांभाळ केला नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. अट लिहिली नसेल तर हा दावा फार कठीण होतो. सल्ल्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

मुक्काम कमी करायची वेळ

ही चर्चा तब्येत चांगली असतानाच करा. दोघांपैकी एकाला गाडी, मोटरचा स्टार्टर, बँक आणि दुसऱ्याला स्वयंपाक, औषधं एवढंच येत असेल, तर एकजण गेल्यावर दुसऱ्याचं गाव त्याच दिवशी सुटतं. एकमेकांची कामं आत्ताच शिकून घ्या. वर्षभरात दोनदा पडणं, रात्री एकट्याने राहायची भीती वाटणं, औषधांत चुका होणं, यांपैकी काहीही सुरू झालं की लांब मुक्काम थांबवा आणि मुला-पुतण्यांसोबतच्या छोट्या भेटी ठेवा.

पुढची पिढी येणार नाही असं स्पष्ट झालं तर पर्याय हे : भावंडांपैकी गावात असलेल्याकडे रीतसर वाटपाने घर देणं, पर्यटन विभागाकडे नोंद करून निवास-न्याहारीसाठी चालवायला देणं, किंवा विकणं. विकताना घराबरोबर शेतजमीन जात असेल तर ती महाराष्ट्रात शेतकरी खातेदारालाच घेता येते, इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुंबईच्या कोणा गिऱ्हाइकाकडून विसार घेण्याआधी हे तपासा. सगळी जमीन एकदम विकून टाकू नका. तुमच्या मुलांनी पुढे कधी राज्यात शेतजमीन घ्यायची म्हटली तर शेतकरी असल्याचा पुरावा त्यांना लागेल, आणि तो एखाद्या दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्याच्या सात-बाऱ्यावरही मिळतो.